पक्की शिवण

सून रबराच्या कारखान्यात जायला लागून दोन महिने झाले आणि माझ्या घरात पांढरं म्हणून काही उरलं नाही. दाराची कडी काळी, तांब्याची कड काळी, नातीच्या दुपट्यावर काळी पाच बोटं. एकदा तिनं पीठ मळलं तर गोळ्यात काळी रेघ निघाली, केसासारखी. मी तो गोळा उचलून दाराबाहेर भिरकावला. कोंबड्यांनी चोच लावली आणि सोडून दिला. कोंबडी काय काय खाते ते मला माहीत आहे, म्हणून जास्तच किळस आली.

"हात धुतले होतेस?"

"तीनदा धुतले, आई."

"कशानं? थुंकीनं?"

तिनं पुन्हा परात ओढली. उलट बोलणं तिच्या स्वभावात नाही. मुकी म्हणून काही आम्ही तिला आणली नव्हती, पण या घरात दोघींनी बोलायला जागा कुठे आहे?

आदल्या वर्षीच विहिरीनं तळ दाखवला होता. खाली उतरून खरवडलं तर बादलीत चिखल आणि दोन बेडूक. रान उघडं पडलं, म्हैस विकली, गोठ्यात नुसती दावणीची दोरी लोंबत राहिली. मुलगा रबरवाल्या मालकाचा टेम्पो चालवत होता. मालक त्याला म्हणाला, बायकोला पाठव, बायकांचं हलकं काम आहे.

हलकं काम म्हणजे काय ते ऐका. माणसाच्या धडाएवढे जाड दोन लोखंडी रोल, शेजारी शेजारी आडवे, एकमेकांच्या दिशेनं आत फिरणारे, गरम. त्यावर जुन्या टायरचा चुरा आणि काळी पावडर टाकायची. रोल ते ओढून घेतात, दाबतात, खालून काळी पोळी बाहेर सोडतात. ती पोळी कापायची, घडी घालायची, पुन्हा वरून द्यायची. दिवसभर तेच. त्यातून रबरी मॅट निघायच्या, लोकांच्या गोठ्यात जनावरांच्या पायाखाली अंथरायला. आमचं जनावर गेलं आणि आमची सून दुसऱ्याच्या जनावरांचे पाय मऊ करायला लागली.

मला शिवण येते. गावात ताडपत्री फाटली, पोतं उसवलं, दप्तराचा बंद तुटला, की माणसं माझ्या दारात उभी राहतात. मशीन नाही, हातानं. मेण लावलेला दोरा आणि दुहेरी टाका. माझ्या टाक्याला बैल जुंपा, कापड फाटेल पण टाका सुटणार नाही, असं मी स्वतःच सांगायची. लोकही म्हणायचे. म्हणजे मी सांगितल्यावर म्हणायचे.

तर पिठाचा गोळा फेकला त्या दुपारी मी पेटी उघडली. नवऱ्याची जुनी खाकी पँट होती, तो गेल्यावरही मी टाकली नव्हती, कापड लोखंडासारखं. त्यातून सुनेसाठी हातमोजे कापले. प्रत्येक बोट वेगळं, प्रत्येक बोटाला दुहेरी टाका. पावडर आत जाऊ नये म्हणून मनगटाशी नाडी ओवली, ओढून गाठ मारायची. घातले तर तिच्या हातांना असे बसले, जणू कातडीच.

ती म्हणाली, "आई, रोलवर मोजे घालायचे नसतात म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मालकच म्हणाले होते. पहिल्या दिवशी."

"का म्हणे?"

"ते नाही सांगितलं."

"त्याच्या घरचं पीठ मळतेस का तू? घाल मुकाट्यानं."

घातले तिनं. गाठ मीच मारून दिली. रोज सकाळी ती दोन्ही हात पुढे करायची, लहान पोरासारखी, आणि मी नाड्या आवळायची.

मालकानं पहिल्या दिवशी मोजे पाहिले, काही बोलला नाही. गरम पोळी उघड्या हातानं धरताना बायकांचे हात मागे यायचे. मोज्यानं सून झपाझप धरायला लागली. चौथ्या दिवशी त्यानं मुलाबरोबर निरोप धाडला: मावशींना म्हणावं, अजून चार जोड शिवा. मी शिवले. कापड कमी पडलं तर पँटचे खिसेही उसवून लावले. गावभर सांगत फिरले, की एवढा मोठा कारखाना, पण हात माझे चालतात तिथे.

अकराव्या दिवशी दुपारी ठेंगणी पळत आली. ती सुनेबरोबरच कामाला, उंचीनं माझ्या कमरेएवढी, बोलायला लागली की थांबत नाही. त्या दिवशी एका पायात चप्पल होती आणि तोंडातून एवढंच आलं: "मावशी, चला. हात."

शेडमध्ये शिरले तर आधी वास आला. रबराचा रोजचाच, पण खाली आणखी एक. तो मी सांगणार नाही. ज्यांनी जनावराला डाग देताना पाहिलं आहे त्यांना कळेल.

सून उभी होती. बसता येत नव्हतं, कारण उजवा हात रोलांच्या मध्ये होता. यंत्र बंद झालं होतं, रोल थांबले होते. तोंडाला रंग नव्हता, ओरडणंही नव्हतं. डावा हात वर, डोक्याच्या वर, हवेत काहीतरी चाचपत होता. बोटं उघडायची, मिटायची. मला वाटलं, शुद्ध हरपली.

मग मीही वर पाहिलं. रोलांच्या वर एक लाल दोरी असते. ओढली की यंत्र जागेवर थांबतं. त्या दोरीला उंच बायकांचं डोकं लागायचं, यंत्र थांबायचं, रबर मधल्या मध्ये गार होऊन दगड व्हायचं. म्हणून मालकानं ती गुंडाळून वर खिळ्याला बांधून टाकली होती. नीटनेटकी, वेणीसारखी. पोरगी तिथेच हात घालत होती. ठेंगणी पलीकडच्या भिंतीपर्यंत पळाली, खटका दाबला, तोवर व्हायचं ते झालं होतं.

मालक मोठा पाना शोधत होता. रोल मागे सरकवायला पाना लागतो आणि पाना सापडत नव्हता. चार माणसं पिंपांच्या मागे वाकून शोधत होती. मालकाच्या कपाळावर घाम, आणि तोंडातून काय निघावं? "लवकर करा रे, सगळा माल गार होईल."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "म्हणजे, तिलाही त्रास होतोय ना."

रोल सुटले तेव्हा हातमोजा बाहेर आला. कागदासारखा चपटा, काळा, ओला. त्यात हात होता. मी मनगटाची गाठ सोडायला गेले, सुटेना. मीच मारलेली. शेवटी कापली. आणि एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली, नको असताना पाहिली: बोटं आत चेंगरली होती, पण शिवण उसवली नव्हती. एक टाकासुद्धा नाही. कच्च्या दोऱ्यानं शिवला असता तर मोजा फाटला असता, रोलनं फडकं ओढलं असतं आणि हात मागे आला असता.

मोजा शेडमध्येच राहिला, तिला टेम्पोत मॅटच्या गठ्ठ्यांवर निजवलं. मुलगा चालवत होता, मालक पुढे त्याच्याशेजारी. खड्डा आला की ती डोळे उघडायची. सगळ्या वाटेत एकदाच बोलली. "आई, भाजी चुलीवरच राहिली."

इस्पितळात तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी ठेवली. मधे काही नाही.

ती आत होती तेव्हा मालकानं मला जिन्याखाली नेलं. तिथे पोछ्याच्या बादल्या होत्या आणि भिंतीवर कुणी पिंक टाकली होती. तो पिंकेला पाठ लावून उभा राहिला, त्याला दिसलीच नाही.

"मावशी, झालं ते वाईट झालं. औषधपाणी सगळं माझ्याकडे लागलं. पण कागदावर काय लिहायचं ते नीट ठरवू."

"काय ठरवायचं? रोलमध्ये गेला."

"गेला. पण का गेला? मोज्यानं ओढला. मोजा कुणी शिवला?"

मी बादल्यांकडे पाहिलं.

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तिला, मोजे नकोत. चौकशी आली तर पहिला प्रश्न मोज्याचा. तुमच्या वयाला ते शोभेल का? सुनेचा हात सासूनं घालवला, असं गाव म्हणेल." मग खांद्यावर हात ठेवला. "घरी कुट्टी मशीनमध्ये गेला म्हणा. चारा कापताना. होतं असं. मुलाचा टेम्पो चालू राहील, तुमचं नाव स्वच्छ राहील."

मी ऐकलं. तोंड वर करून सांगते, मी ऐकलं. दिवसभर जो मोजा डोळ्यांसमोरून हलत नव्हता, त्या मोज्याचं कुणी नाव काढणार नाही म्हणाला, आणि मला बरं वाटलं. सून शुद्धीत नव्हती, मुलगा म्हणाला, आई, तूच कर सही. अंगठा मी देत नाही, अक्षरं जुळवून नाव लिहिते, त्याची मला घमेंड आहे. त्या दिवशी अंगठा दिला असता तर बरं. अंगठ्याला निदान वर काय लिहिलंय ते वाचता येत नाही.

आठवड्यानं सुनेला घरी आणलं. दुसऱ्याच दिवशी दारात टेम्पो थांबला. मुलानं फळी पाडली आणि दोन माणसांनी एक कुट्टी मशीन खाली घेतलं. हातानं फिरवायचं, मोठं चाक, गंजलेलं पातं.

"हे काय?"

"मालकांनी पाठवलंय." मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला. "गोठ्यात ठेवायचं. कुणी बघायला आलं तर."

"गोठ्यात शेण पडून दीड वर्ष झालं. कुट्टी कुणासाठी कापते तुझी बायको? तुझ्यासाठी?"

"आई, हळू बोल."

"म्हैसही पाठव म्हणावं. नाहीतर मलाच दावणीला बांध. दूध नाही देणार, पण हंबरेन."

बरोबरची दोन माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. मुलानं कडब्याची एक पेंढी आणली होती, तीही मालकाचीच, ती मशीनशेजारी टाकली. सगळं गेल्यावर मी जवळ जाऊन पाहिलं. पात्यावर काळपट काहीतरी वाळलं होतं. नखानं खरवडलं. रक्त होतं, आणि त्यात कोंबडीचं एक बारीक पीस चिकटलेलं.

मी नख दगडाला घासलं. माझ्या सुनेच्या बोटांच्या जागी कोंबडीचं रक्त फासलं, आणि तेही धड नाही. खोटंच करायचं तर पीस तरी काढावं माणसानं! त्या पात्याला मी पुन्हा हात लावला नाही, धुतलंही नाही. गोठ्याचं दार ओढून घेतलं. तरी माश्यांना कळलंच.

माश्या नाहीतरी होत्याच घरात. सुनेच्या हाताचं फडकं दुसऱ्या दिवशी पिवळं व्हायचं, तिसऱ्या दिवशी हिरवट, आणि वास गोड. सडक्या फळासारखा गोड. नात आईजवळ जाईना. त्या गुंडाळलेल्या हाताकडे बोट करून रडायची. सून डाव्या हातानं जेवायची, अर्धं ताटात, अर्धं मांडीवर. एकदा मी म्हटलं, "आण, मी भरवते." घास पुढे नेला आणि वास आला, आणि माझा दुसरा हात आपोआप नाकाशी गेला. क्षणभरच. तिनं पाहिलं. तोंड मिटलं. त्यानंतर तिनं मला भरवू दिलं नाही.

पिठात काळी रेघ दिसली म्हणून गोळा फेकणारी मी. ती पोरगी माझ्याकडे बघायची तेव्हा मला तो गोळा दिसायचा.

तिसऱ्या वेळी पट्टी बदलायला इस्पितळात गेलो, तर नर्सनं चिमट्यानं जखमेतून काळे कण काढले, एका वाटीत टाकले. पाच, सहा, दहा. एक बोटात धरून दाबला. तो दबला आणि पुन्हा फुगला.

"कुट्टीत लागलं ना हे?" तिनं विचारलं. "मग रबर कुठून आलं?"

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे. नर्सनं आणखी विचारलं नाही, पण वाटी फेकली नाही, झाकून ठेवली.

त्याच संध्याकाळी ठेंगणी आली. चुलीपाशी बसली, इकडे तिकडे पाहिलं आणि पोलक्यातून कागदात गुंडाळलेलं काही काढलं.

"मालकानं सगळ्यांचे मोजे गोळा करून जाळले, मावशी. तुमचे चारही जोड. हाही मलाच दिला होता, आगीत टाक म्हणून. मला टाकवेना. तिची बोटं होती हो यात."

मी तो कागदासकट शिवणाच्या पेटीत ठेवला, तळाला. तेव्हापासून सुई हातात धरली नाही. एकजण पोतं घेऊन आला तर दिसत नाही म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मालक स्वतः घरी आला. फळं घेऊन. "उद्या सरकारी खात्याची एक बाई येणार आहे पाहणीला. त्या नर्सनं काहीतरी वर कळवलंय. घाबरायचं नाही. दोन वाक्यं फक्त. चारा कापत होते, हात गेला." मग सुनेकडे वळला, मोठ्यानं बोलायला लागला, जणू बोटं गेली म्हणजे कानही गेले. "काय गं, काय म्हणायचं?"

सुनेनं गुंडाळलेला हात पदराखाली घेतला.

"दोन महिन्यांनी ये परत कामाला. झाडू एका हातानंही मारता येतो." नातीनं त्याच्या गुडघ्याला हात लावला होता, उठताना त्यानं रुमाल काढून गुडघा पुसला.

दुसऱ्या दिवशी बाई आली. तरुण होती, बुटांवर धूळ, बगलेत फाईल. मालक तिच्या पुढे पुढे, घर आपलंच असल्यासारखा. मुलगा दारात किल्ली फिरवत उभा.

"आजी, बसा ना," बाई म्हणाली.

"घर माझं आहे. बसायला मी सांगेन. बस."

ती बसली. सुनेला विचारलं, कसं झालं. सून माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. नुसती पाहत राहिली, की बघू, ही काय बोलते. बाईनं दोनदा विचारलं, मग म्हणाली, बरं, आधी मशीन दाखवा.

गोठ्याचं दार उघडलं. माश्या उठल्या. बाईनं चाक पाहिलं, पातं पाहिलं, पीसही पाहिलं असावं, कारण तिथे थोडी थांबली. मग कोरड्या जमिनीकडे, लोंबत्या दोरीकडे नजर गेली.

"जनावर कुठे आहे?"

"चरायला गेलंय," मालक म्हणाला.

उघड्या रानात एक काडी नव्हती. धूळ गुडघाभर. आणि हा माणूस माझ्या गोठ्यात उभा राहून माझ्या विकलेल्या म्हशीला चरायला पाठवत होता. 

"कुठे चरायला, मालक? तुमच्या मॅटवर?"

"मावशी—"

"म्हैस दीड वर्षापूर्वी विकली. हे मशीन गेल्या पंधरवड्यात आलं, याच टेम्पोतून. ते रक्त कोंबडीचं आहे. थांब पोरी, तुला एक दाखवायचंय."

मी आत गेले. पेटी काढली. तळाशी हात घातला. कागद उलगडून मोजा तिच्यापुढे धरला. वाळून लाकूड झाला होता, बोटं चपटी, विणीत रबर भरलेलं.

"कुट्टी कापते. चपटं करत नाही. हा रोलमधून निघालाय."

मालक हळूच म्हणाला, "मावशी, विचार करा. यात तुम्हीच अडकता."

"विचार त्या जिन्याखाली केला होता. त्याचाच वास येतोय घरात." मग बाईकडे वळले. "हा मोजा मी शिवलाय. गाठही रोज मीच मारायची. ओढून बघ."

तिनं दोन्ही हातांनी शिवण ओढली. ताकद लावली. सुटली नाही. मालक लगेच म्हणाला, "बघा, मी काय सांगत होतो! माझा नियम होता, मोजे घालायचे नाहीत."

"नियम होता," मी म्हटलं. "आणि तो मोडायला अजून चार जोड तुम्हीच मागवलेत. ठेंगणीला विचारा, जाळले कुणी."

तेवढ्यात सून बोलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज पुरा निघाला.

"दोरी बांधून ठेवली होती. वर, खिळ्याला. मी शोधली. सापडली नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि मोजे नकोत, असं मी आईंना सांगितलं होतं."

बाईनं पेन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं. "हेही लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "ते आधी लिही. मग दोरी."

मालकानं मुलापुढे हात पसरला. "किल्ली." मुलानं माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. मालक म्हणाला, हे मशीन चढव आधी. मुलगा म्हणाला, "चढवतो. पण नेणार कोण? तुम्हाला टेम्पो येत नाही." माझा मुलगा एवढं बोलला हेच नवल. मालक पायी गेला. टेम्पो दोन दिवस दारात उभा होता, मशीन अजून गोठ्यातच आहे, ते नेण्याचं धैर्य कुणाला नाही.

बाईनं लिहून झाल्यावर सगळं वाचून दाखवलं. माझं नाव त्यात दोनदा आलं. दोन्ही वेळा मान खाली न घालता ऐकायचं असं मी ठरवलं होतं. पहिल्या वेळी जमलं.

मग सही. मी सवयीनं हात पुढे केला. बाई म्हणाली, "तुमची नंतर. आधी त्यांची."

सुनेनं पेन डाव्या मुठीत धरलं, खुरप्यासारखं. पहिलंच अक्षर काढायला गेली तर कागद सरकला. मी धरायला वाकले.

"सोडा, आई."

मी सोडला. तिनं गुंडाळलेला उजवा हात उचलला आणि कागदावर ठेवला, वजनासारखा. ओठ आवळले. कागद हलला नाही. वाकडंतिकडं, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पडत, तिनं आपलं नाव पुरं लिहिलं. हात उचलला तेव्हा कोपऱ्यावर पिवळा ओला डाग उमटला होता. बाईनं रुमाल काढला.

"पुसू नका," सून म्हणाली. "असू दे."